तुला माळावर ठेवू दिलं नाही

बसाप्पा, तुला माती देऊन आल्यापासून मी एकही थाप मारलेली नाही. राजारामपुरीतल्या आमच्या चहाच्या टपरीवर त्यामुळं घबराट पसरलीय. "काका, बरं न्हाय व्हय?" असं जो तो विचारतो. परवा एकानं मुद्दाम विषय काढला, "काका, त्या मुंगसानं तुमची गाडी अडवून लिफ्ट मागितलेली सांगा की." मी म्हणालो, "मुंगूस रस्ता ओलांडत होतं. मी ब्रेक दाबला. ते गेलं, मीही गेलो." टपरीवाल्यानं हातातली किटली खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

काय करू लेका? थापेवर विश्वास ठेवणाऱ्यांची कोल्हापुरात टंचाई नाही. पण थाप मारायला समोर तुझ्यासारखा लागतो. मी म्हणायचो, "बोक्याएवढा उंदीर होता." तू चष्मा पुसत म्हणायचास, "म्हंजे उंदराएवढा होता." मी म्हणायचो, "कोल्ह्याचा धाकटा भाऊ ते खोकड, त्यानं माझ्याकडं बघून डोळा मारला." तू म्हणायचास, "कुसळ गेलं असंल डोळ्यात." ना चिडणं, ना हसणं. मी घाम गाळून डोंगर उभा करायचा आणि तू जाता जाता त्याचा मुरूम करून टाकायचास. आता डोंगर उभा केला तर तो तसाच उभा राहील. त्या भीतीनं मी तोंड उघडत नाही.

तुझ्या कॉलेजातली मुलं येऊन गेली. सरांवर चार शब्द लिहून द्या म्हणाली. जन्म, शिक्षण, नोकरी, कार्य. मी म्हणालो, ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच लिहा. मी गेट आणि ग्रिल करणारा माणूस, वनस्पतिशास्त्रातलं मला देठसुद्धा कळत नाही. मला सरांचं कार्य माहीत नाही, बसाप्पा माहीत आहे, आणि त्याच्याशी माझं एक भांडण बाकी आहे. ते भांडायला बसलोय. एरवी सुरुवातीलाच बजावलं असतं, माझं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. आज ते बजावायची गरज नाही.

तू पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये आलास तेव्हा मी एका मंगल कार्यालयाच्या गेटवर मोर बसवत होतो. तू मोराकडं बघितलंसुद्धा नाहीस.

"पत्र्याचं गोल कुंपण पाहिजे," म्हणालास. "हातभर जमिनीत, कमरेएवढं वर."

"कोंबड्या पाळताय व्हय?"

"न्हाय. उंदीर आत याला न्हाय पाहिजेत."

"मग धान्य ठेवणार."

"धान्य न्हाय. आत नुसता माळ हाय. गवत."

मी डोळ्यांवरची काच वर केली. "पावणं, आत काय न्हाय तर उंदीर कशाला येतोय?"

"आणि तो आला न्हाय तर गवताचं काय हुतंय," तू म्हणालास, "तेच बघायचंय."

लोक माझ्याकडनं गेट नेतात ते चोर, शेजारी आणि भाऊबंद बाहेर ठेवायला. गवताची बाजू घेऊन कुंपण मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो. मी दोन चहा सांगितले. वेडा माणूस माझ्या दारातनं उपाशी गेलेला नाही. तो चहा अजून संपलेला नव्हता, बसाप्पा. मधेच कप ठेवून उठलास.

मग तू मला माळ दाखवलास. हातकणंगल्याच्या पलीकडं, जिथं उसाचा दम संपतो आणि मुरूम वर येतो, तिथं तुमच्या वाडवडलांचा तो लांबच लांब माळ. राधानगरीला असा पाऊस पडतो की बेडूकसुद्धा छत्रीचं दुकान हुडकतात, आणि त्याच ढगांकडं तुझ्या माळापर्यंत पोचताना नुसती सावली उरलेली असते. मला तिथं काहीच दिसलं नाही. बोरीची झुडपं, तरवड आणि गवत. तू म्हणालास, "गवत म्हणू नकोस. तुला कोण नुसतं 'माणूस' म्हणून हाक मारतंय का?" आणि एकेकाची ओळख करून दिलीस. हा पवन्या, हा मारवेल, ही कुसळी. मी पँटमधली कुसळं उपटत म्हणालो, हिची ओळख झाली.

त्यानंतरची आपली ती भव्य चूक. अजून आठवली की मला हसू फुटतं आणि ते अर्ध्यात मोडतं.

गोल आखून आतले सगळे उंदीर आपण पिंजऱ्यात पकडून लांब सोडले. माळावरचा उंदीर, घरातला चिंध्या कुरतडणारा नव्हे. मोठे डोळे, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा, आणि मागच्या पायांवर अशी उडी की एकानं माझ्या डोक्यावरनं जाताना माझी टोपी सरळ केली. ("टोपी तू घालतच न्हाईस," हे तू तेव्हाच म्हणाला होतास, आता परत म्हणायचं कारण नाही.) पिंजरे रिकामे राहायला लागले तेव्हा तू पाय आपटून जाहीर केलंस, "झालं. आत एक बी उंदीर न्हाय." मी पत्रा गाडला, सांधे जोडले. पाखरांनी बी खाऊ नये म्हणून वरनं जाळी ताणली. मुंगी आत गेली तर माझं दुकान तुझ्या नावावर करीन, असं छातीवर हात मारून सांगितलं.

आणि एका बोरीच्या मुळाशी, बिळाचं तोंड आतनं मातीनं लिंपून, एक अख्खं उंदराचं खटलं गपगार बसून होतं. आपण चोर घरात ठेवून बाहेरनं कुलूप लावलं, बसाप्पा, आणि किल्ली खिशात टाकून ऐटीत घरी आलो.

पावसानंतर बाहेर पवन्या गुडघ्याला लागला. आतलं गवत तर मांडीला लागेल, असं तू सगळ्या कॉलेजला सांगून बसलेला. दिवाळीत बघतोय तर रिंगणाला टक्कल. तू म्हणालास, पत्र्याचा सांधा उघडा असणार. मी म्हणालो, माझ्या सांध्यातनं वारासुद्धा चौकशी करून जातो, तुझं गवतच आळशी. त्यावरनं आपलं बोलणं बंद. मग एका दुपारी तुझा फोन, एकच शब्द, "ये."

मी पोचलो तेव्हा तू पत्र्याच्या खिळ्याच्या भोकाला डोळा लावून मुरुमात पालथा पडला होतास. "बघ," म्हणालास. मी पालथा पडलो. आत लख्ख उन्हात एक उंदीर मागच्या पायांवर बसून दोन्ही हातांनी बी सोलत होता, गावचा पाटील शेंगा खात बसावा तसा. त्याच्यामागं दुसरा. मग पिलावळ. बाहेरच्या माळावर हाच प्राणी अंधार पडल्याशिवाय नाक बाहेर काढत नाही, आणि इथं भर दुपारी त्यांची पंगत बसली होती.

"खोकड न्हाय, मुंगूस न्हाय, धामण न्हाय," तू पालथ्यानंच मोजायला लागलास. "वरनं जाळी, म्हंजे पिंगळा न्हाय की घार न्हाय. आपण तेंना राजवाडा बांधून दिलाय की रं!" आणि तू हसलास. पोट धरून, चष्मा मुरुमात पडेपर्यंत हसलास. इतका मोकळा तू मला परत कधी दिसला नाहीस.

मी पक्कड घेऊन उठलो. "जाळी काढतो."

"थांब," तू म्हणालास. "चुकलंय ते नीट चुकू दे."

तिथनं पुढं ते रिंगण म्हणजे आपलं देऊळ, तमाशा आणि कोर्ट, सगळं एकच झालं. तुझ्यामुळं मला दिसायला लागलं. आतल्या निर्धास्त उंदरांनी टपोऱ्या बियांचं गवत पार संपवलं. मग धुळीसारख्या बारीक बियांची, ज्यांच्यासाठी उंदीर वाकायचे कष्ट घेत नाही अशी, वेगळीच झाडं आत आली. बिळांतनं उकरलेल्या भुसभुशीत मातीवर एकदांडी फुलली, आणि एक निळं फूल आलं ज्याला तू तीन वेळा तीन नावं दिलीस. बाहेर मात्र प्रत्येक बोरीच्या बुडाशी घेराएवढी जागा उघडी आणि त्यापलीकडं दाट गवत. मी विचारलं, बोरीला गवताचं वावडं हाय काय? तू म्हणालास, न्हाय, उंदीर झुडपाखालीच खातोय, उघड्यावर जायचं धाडस हुत न्हाय त्याला. बाहेर खोकड बसलंय. आणि त्याच खोकडाच्या लेंडीत बोराच्या बिया, त्याच्या वाटेवर नवी बोरीची रोपं. मांस खाणारा प्राणी गवत राखतो आणि झुडपं लावत फिरतो, हे तू मला सांगितलंस तेव्हा मी म्हणालो होतो, "आणि थापाड्या म्हणून माझं नाव."

तिथंच आपलं भांडण जुंपलं. माझं म्हणणं सरळ होतं. खोकड उंदीर खातं, उंदीर कमी होतात, गवत वाढतं. पोटाचा हिशेब. तू म्हणायचास, "पोटाचा न्हाय दिनकर, भीतीचा. खोकड खाऊन खाऊन किती खाणार? पण ते हाय एवढं म्हाईत असलं की हजार उंदीर अर्धपोटी झोपत्यात. ह्यो माळ भीतीनं उगवलाय."

"भीतीनं काय उगवत नसतंय."

"तुझ्या बायकोच्या भीतीनं तू येळंवर घरी जातोस की न्हाय? मग?"

हा मुद्दा शास्त्रात बसतो का मला माहीत नाही, पण मी घड्याळ बघितलं. तेवढ्यावर तू थांबला नाहीस. पोट आणि भीती वेगळी करून दाखवायची म्हणून तू खोकडाची ताजी लेंडी गोळा करून रिंगणात टाकायला लागलास. आत खाणारं कुणी नाही, नुसता वास. उंदीर घाबरून दुपारचे बाहेर यायचे थांबले तर तू जिंकलास, नाही तर मी. ती लेंडी तू आणायचास गिरिजावैनीच्या जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात. वैनीला कळलं त्या दिवशी उंदरांना भीती वाटली का ठाऊक नाही, पण मी आणि तू वर्कशॉपमध्ये लपलो होतो.

माळावर तुझा एकच कडक नियम होता. भाकरीचा तुकडा खाली पडता कामा नये. मी एकदा शिळ्या भाताचं गाठोडं झुडपाखाली झटकलं तर तू गुडघ्यांवर बसून शितं वेचलीस. म्हणालास, अन्न पडलं की कुत्री येतात, कुत्री आली की खोकड पिलं घेऊन निघून जातं, आणि मग सगळा माळच तुझ्या रिंगणासारखा होतो. मी तुला त्या वेळी चक्रम म्हटलं. बसाप्पा, तुला माती द्यायच्या दिवशी ती शितं माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून आली.

दवाखान्यातली आपली शेवटची दुपार. तुझा मुलगा सोमू त्याच्या दुकानात होता. वैनी तुझ्या खाटेच्या पलीकडं चटईवर डोळा लागून पडलेल्या. तुझा आवाज दाढीतच अडकत होता. मी कान जवळ नेला.

"लेंडी टाकून आलास?"

"आलो की. ताजी होती. सलाम ठोकून आलो."

"मग? दुपारचं येत्यात का भाईर?"

मी आदल्याच दिवशी भोकातनं बघितलं होतं. उन्हात पंगत बसली होती. पण तुझ्या नाकात नळी होती आणि हात इतका हलका झाला होता की उचलला तर उडेल असं वाटत होतं. मी म्हणालो, "एक बी न्हाय. बिळात बसून जप करत्यात. तू जिंकलास, बसाप्पा. मी हरलो."

तू डोळे मिटलेस. बऱ्याच वेळानं ओठ हलले.

"म्हंजे येत्यात."

त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. आयुष्यभर तुला फसवायचा प्रयत्न केला, आणि मरताना तरी फसायचं होतंस की रं. एवढं तरी करायचं होतंस माझ्यासाठी.

आता भांडणाचं.

तुमच्यात माणसाला बसवून माती देतात, आणि शक्यतो आपल्याच रानात, हे मला माहीत होतं. तुझे आप्पा, आज्जा खाली उसाच्या रानात आंब्याजवळ आहेत. मला वाटलं, तूही तिथंच. तुला दारात खुर्चीवर बसवलेलं, कपाळभर विभूती, हातात लिंग, गळ्यात झेंडूची माळ. मी तुझ्या पायाशी बसलो होतो. सोमू माझ्याजवळ आला. रडून रडून त्याचा चेहरा सुजला होता.

"काका, आण्णांना माळावर ठेवायचं. तेंनी आईला सांगून ठेवलंय. जागा तेवढी तुम्ही दावा. तुमच्याएवढा माळ कुणाला म्हाईत न्हाय."

मी मान डोलावली. खरंच डोलावली. तू माळावर, ह्याच्यापेक्षा बरोबर काय असणार होतं? मग तो पोरगा बोलत राहिला, बापावरच्या प्रेमानं बोलत राहिला. "रिंगणाच्या शेजारी झकास कट्टा बांधतो बघा. वर शेड. बेल लावतो, बेलाला बोअर मारतो. ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता करू, गावाला दर सोमवारी दिव्याला जाता येईल. निवद ठेवायला दगडी पाटा करू." ट्रॉलीत मिठाची पोती चढवलेली दिसत होती, विभूतीबरोबर खड्ड्यात घालायला. मुरुमात मीठ मुरलं की गवत काय करतं ते तूच मला शिकवलंस.

मी बघत होतो, बसाप्पा. दर सोमवारी निवद. निवदावर कुत्री. खोकड पिलं तोंडात धरून निघालंय. मग माळभर निर्धास्त उंदीर, आणि मधोमध फरशी घातलेला तू. सपाट ठेवा, कट्टा नको, असं सांगितलं असतं तर त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलंही असतं. पण आपल्याकडं समाधी सपाट राहत नाही. वर्षश्राद्धाला सिमेंट आलंच असतं.

विधी करायला आलेल्या स्वामींनी विचारलं, "मग पावणं, जागा कुठली?"

मी उठलो. आयुष्यात मी इतक्या थापा मारल्या की त्यांचा माळ केला तर कर्नाटकापर्यंत जाईल. प्रत्येक थापेला शेपूट, शेपटीला गोंडा. ह्या वेळी मी एकही शब्द सजवला नाही. म्हणालो, "बसाप्पानं मला दवाखान्यात शेवटी सांगितलं. माळावर नको म्हणाला. आप्पांच्या शेजारी ठेवा म्हणाला."

कुणी शंका घेतली नाही. माझ्यावर अख्ख्या गावानं एकदम विश्वास ठेवला, आणि मी आतनं ओरडत होतो की कुणीतरी म्हणा रं, कुणीतरी म्हणा, खोटं बोलतोय हा! मी तुझ्याकडं बघितलं. तू डोळे मिटून बसलेला. बायकांच्या घोळक्यातनं गिरिजावैनींनी वर बघितलं, माझ्याकडंच. मग मान खाली घातली. स्वामी म्हणाले, "तेंची इच्छा ती खरी." आणि तुला उचललं.

खड्डा आंब्याजवळ खणला. काळी, ओली, उसाची माती. तुला ती कधी आवडली नाही. तू म्हणायचास, इथं काय बघायचं, इथं एकच झाड हाय आणि त्यालाबी पाणी पाजायला माणूस लागतोय. त्यातच तुला बसवलं. मीठ पडलं, विभूती पडली, बेल पडला. मी मूठभर माती टाकली. मी तुझं शेवटचं मागणं मोडत होतो आणि सगळे मला तुझा जिवलग म्हणून पुढं सरकवत होते.

मग घरी आलो आणि गप्प झालो. टपरीचं तुला सांगितलंच. झोपेत तुझ्याशी बोलतो. तू उत्तर देत नाहीस, आणि ते तुझ्यासारखंच आहे, म्हणून स्वप्नच आहे की जाग आहे ते कळत नाही. मला सारखं वाटतं, माळ राखायचं नाव करून मी तुला माळावरनं हाकललं. मेल्यावर माणूस मागून मागून काय मागतो? बसण्याएवढी जागा. मी तीही नाकारली. हजार उंदरांना नाही म्हणालो नाही कधी, तुला म्हणालो.

काल वैनींचा फोन आला. "भावजी, गाडी घेऊन या. मला माळावर न्या."

मी गेलो. सोमूला म्हणाल्या, "तू ऱ्हा दुकानात, मी जाऊन येतो." गाडीत बसल्या, हातकणंगलं मागं पडेस्तोवर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्याच आवाजात, जसं भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या, "त्या दिवशी दवाखान्यात मी जागीच हुतो, भावजी."

माझा पाय ब्रेकवर गेला.

"चला, चला. गाडी कशापायी थांबवताय? तेंनी तुमास्नी उंदराचं इचारलं. तुम्ही खोटं सांगितलं. तेंना कळलं. समाधीचा शब्द बी निघाला न्हाय."

"वैनी..."

"मला सांगितलेलं तेंनी. दोनदा. गिरिजा, मला माळावर ठेव. मी व्हय म्हटलेलं."

मला वाटलं, आता शिव्या देतील, द्याव्यात. "मग त्या दिवशी बोलला का न्हाईसा?" मी विचारलं.

"सोमू कट्ट्याचं बोलत हुता तवा मी बी ऐकत हुतो की." त्यांनी पदर सारखा केला. "सारा जन्म ह्या माणसाच्या डब्यातनं खोकडाची घाण धुतली मी. त्या माळाला काय सोसंल आणि काय न्हाय, मला कळत न्हाय व्हय? पण नवऱ्याचा शब्द बायकोनं कसा मोडायचा? तुम्ही मोडला. मी मोडू दिला."

आणि मग त्या रडल्या. मी गाडी चालवत राहिलो, कारण थांबवली असती तर मीही रडलो असतो आणि दोघांना परत कुणी आणलं नसतं.

तुला माहीत आहे का, एवढ्या वर्षांत वैनी माळावर आत कधी आल्याच नव्हत्या? बांधावर उभ्या राहून डबा द्यायच्या. गवत तुडवलं जातं म्हणून तू कुणालाच आत येऊ द्यायचा नाहीस, आणि मला येऊ द्यायचास ते पत्रा माझा होता म्हणून. काल पहिल्यांदा त्या आत आल्या. पवन्या पिकून पिवळा झालाय, वारा आला की सगळा माळ एका अंगावरनं दुसऱ्या अंगावर वळतो. त्या जपून चालत होत्या, एकेक पाऊल हुडकून. लुगड्याला कुसळं चिकटत होती, काढत नव्हत्या.

"कुठं ठेवलं असतासा?" त्यांनी विचारलं.

मी रिंगणाच्या पलीकडची जागा दाखवली. उंचवट्यावर, जिथनं खाली खोकडाची वाट दिसते. मी मनात ती तुझ्यासाठी कधीच ठरवून टाकली होती, हे मला बोट दाखवतानाच कळलं.

वैनी तिथं गेल्या. उभ्या राहिल्या. मग मांडी घालून खाली बसल्या, ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे मिटून, अगदी तुला बसवलं होतं तशा. गवत त्यांच्या खांद्याला लागत होतं. मी लांब उभा राहिलो. लांबनं एक टिटवी ओरडून गेली.

उठल्या तेव्हा मी हात द्यायला पुढं झालो. त्यांनी हात घेतला नाही. वळून बसलेल्या जागेकडं बघितलं. गवत दबून एक लहानसा खळगा झाला होता, परातीएवढा.

"एवढंच दबलं असतं व्हय, भावजी?"

मीही त्या खळग्याकडं बघितलं, बसाप्पा. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो, त्यातली कुठली काडी परत उठतीय का ते बघत.